टेरुआर खरंच असतं का फ्रेंचांची थाप? (गुऱ्हाळावरनं सुचलेला धागा)

गुऱ्हाळावरचा

मंडळी, आठवडाभर डोक्यात भुंगा लागलाय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी राजारामपुरीत मित्राकडं बसलो होतो. त्यानं वाइनच्या दोन बाटल्या पुढं ठेवल्या. दोन्ही शिराज जातीच्या द्राक्षाच्या, दोन्ही एकाच वर्षाच्या, एक नाशिककडची आणि एक अकलूजकडची. मी काय वाइनमधला जाणकार नव्हे, आपलं सुक्क्याबरोबर जे मिळंल ते. पण दोन-दोन घोट घेतल्यावर मलाबी कळलं की हे काय सारखं नाही. एक जराशी मिरीगत, जीभ कोरडी करणारी, आणि दुसरी पिकल्या जांभळासारखी, भरीव. द्राक्षाची जात तीच. मित्र लगेच प्रोफेसर झाला, म्हणाला ह्याला टेरुआर म्हणतात. फ्रेंच शब्द हाय, म्हंजे जमीन, उतार, ऊन, पाऊस, वारा आणि तिथल्या माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, ह्या सगळ्याचा मिळून मालाला लागणारा गुण. मी म्हटलं ही महाग बाटली विकायची भाषा आहे, दुसरं काय नाही.

घरी येताना मात्र बाबांची आठवण झाली. आमचं गुऱ्हाळ आहे, करवीर तालुक्यात, आजोबांपासनं. बाबा मार्केट यार्डात सौद्याला गेले की गुळाच्या रव्याच्या, म्हंजे ढेपेच्या कडेला नखानं टवका काढायचे, जिभेवर ठेवायचे आणि तसंच उभं राहायचे. चावायचं नाही, विरघळू द्यायचा. मग सांगायचे, "नदीकाठचा हाय, पुराचा गाळ बसलेलं रान." नाहीतर "माळाचा." नाहीतर नुसतं तोंड वाकडं करून "चोपण." खारावलेल्या रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि पावसाळ्यात पाझरतो हे इथं शेंबड्या पोराला माहीत आहे, पण बाबा त्याच्याही आत जायचे, आणि अडत्यानं गाव सांगितलं की बहुतेक वेळा बाबांचंच बरोबर निघायचं.

मग आम्ही ह्याला टेरुआर म्हणायचं का? आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त छळतोय. ते मोठमोठे वाइनवाले म्हणतात, आम्ही काही करत नाही, जमीनच बोलते. हे काय पटत नाही बघा. रस उकळायच्या काहिलीपुढं गुळव्या, म्हंजे गूळ शिजवणारा, उभा असतो. त्याला एकदा म्हणून दाखवा की तू काय करत नाहीस, सगळं जमीनच करते.

उत्तरेश्वरचा उंडगा

मला आधी टेरुआर म्हंजे तेराव्याचं काय तरी वाटलं. भावा, पहिली बाटली संपल्यावर दुसरी वेगळीच लागतीय, त्याला फ्रेंच शब्द कशाला पायजे.

रंकाळा ते दिजाँ

उंडग्या, तू गप.

मी सहा वर्षं दिजाँला राहतो, फ्रान्सच्या बर्गंडीत. (हो, मी बाईच हाय, कोल्हापूरच्या बायका गेलो-आलोच म्हणतात, नवीन लोकांनी गोंधळू नये.) इथं तर टेरुआर हा शब्द शिवारातल्या बांधासारखा वापरतात. दिजाँपासनं दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरची एक चिंचोळी टेकडीची कड हाय, कोत द'ऑर नावाची. लाल वाइन पिनो न्वारची, पांढरी शार्दोनेची, बास. पण त्याच दोन जातींच्या बागांचे त्यांनी बाराशेच्या वर तुकडे पाडलेत, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची हद्द. त्यांना क्लिमा म्हणतात. २०१५ ला युनेस्कोनं ते जागतिक वारसा म्हणून घेतले, तिथं आकडा १,२४७ दिलाय. आणि प्रत्येक तुकड्याची पायरी ठरलेली. खाली नुसतं प्रांताचं नाव, मग गावाचं, मग प्रीमिए क्रू, आणि सगळ्यात वर ग्राँ क्रू. एका पाणंदीच्या ह्या बाजूची बाटली वीस युरोला आणि त्या बाजूची दोनशेला असं होतंय.

हे काय मार्केटिंगवाल्यांनी परवा काढलेलं नाही. बाराव्या शतकात सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी बागा लावल्या, कुठल्या तुकड्यातली वाइन कशी होते ते शतकानुशतकं बघितलं. १३९५ ला तिथल्या ड्यूक फिलिपनं तर गामे नावाची जातच उपटायला लावली, पीक जास्त देते पण कस नाही म्हणून. म्हंजे वाण आणि रान ह्यांची जोडी लावायची भांडणं सहाशे वर्षांपूर्वीची हायत.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. क्लो द वूजो नावाचा एक तुकडा हाय, पन्नास हेक्टर, साधूंनी घातलेल्या दगडी भिंतीच्या आत, अख्खा ग्राँ क्रू. मागच्या नोव्हेंबरात पावसातच गेल्तो. वरच्या अंगाला माती हलकी, चुनखडीचे खडे, बूट साफ राहिला. खाली रस्त्याकडं आलो तर शिरोळच्या काळ्या रानागत चिकटली, दोन-दोन किलोचे बूट घेऊन फिरलो. पण लेबलावर नाव एकच, भिंत एकच! आणि त्या भिंतीच्या आत आज ऐंशीच्या आसपास मालक हायत. प्रत्येकाच्या दोन-चार ओळी. एकाच वर्षाच्या पाच जणांच्या वाइन मी ओळीनं चाखल्या, एक नुसती पाणचट, एक अशी की अजून आठवतीय. एकच रान, एकच पाऊस. मग कुणाचा गुण म्हणायचा?

दगड चाटून बघा

भूगर्भशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. थोडं पाणी ओततो.

वाइनच्या बाटलीमागं लिहिलेलं असतं की खडकाची चव उतरली आहे, चकमकीचा वास आहे, वगैरे. बर्गंडीतल्याच शाब्ली गावच्या वाइनबद्दल तर ठरलेलं वाक्य आहे की तिथल्या चुनखडीत शिंपल्यांचे जीवाश्म आहेत म्हणून वाइनला समुद्राचा स्वाद येतो. अहो, ते जीवाश्म पंधरा कोटी वर्षांचे, निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. त्याला ना वास ना चव. माझं टोपणनाव उगीच नाही, खरंच घासलेला कोरडा दगड चाटून बघा. झाड मुळातनं पाणी आणि पाण्यात विरघळलेले आयन घेतं, खडकाचा स्वाद घेत नाही. खडकच बोलत असता तर नाशिकपासून आपल्या जोतिबाच्या डोंगरापर्यंत सगळा एकच बेसॉल्ट आहे, मग सगळीकडं एकच वाइन व्हायला हवी.

पण म्हणून टेरुआर खोटं, असं मी म्हणत नाही. उलट ते खरं आहे, फक्त चवीच्या वाटेनं येत नाही, पाण्याच्या वाटेनं येतं. फ्रान्समधल्या बोर्दोचे संशोधक जेरार सेग्यां ह्यांनी तिथल्या मेदोक भागातल्या जमिनींचा अभ्यास केला, त्यात हेच पुढं आलं की चांगल्या बागांच्या जमिनी रसायनाच्या दृष्टीनं एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. सारखं काय, तर झाडाला पाणी मिळण्याची रीत. पाऊस पडला तरी निचरा होतो, कोरडं पडलं तरी खोल मुळांना थोडं थोडं मिळत राहतं. फळ रंगायला लागताना झाडाला किंचित ताण बसला की शेंडा थांबतो आणि सगळा जीव घडात जातो. मेदोकला हे काम खडीची जमीन करते. बोर्दोतल्याच पेत्रुस ह्या बागेत चक्क चिकणमाती करते, अकराएक हेक्टरचं ते टेकाड आहे. दोन टोकं, पण काम एकच.

आपल्या जिल्ह्याचंच बघा की. गगनबावड्याला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मधलं अंतर एसटीनं दोन-अडीच तास. पश्चिमेला जांभा, पूर्वेला काळी. ह्या पट्ट्यात चवीनं काहीच बदलत नाही म्हणणाराच मला दाखवा.

मिरजपूर्व बागायत

सरांनी मुद्द्याचं सांगितलं. आता अनुभवाचं ऐका.

२००६ ला मी दोन एकर वाइनची द्राक्षं लावलेली, एक एकर शिराज, एक एकर काबर्ने. त्या टायमाला लई हवा होती, २००१ च्या सरकारी धोरणानंतर सगळीकडं वाइनरी निघायल्या होत्या, आमच्या पलूसला वाइन पार्क झालेलं. एका वाइनरीनं करार केला, नाव घेत नाही. डॉगरिजच्या खुंटावर कलमं केली, वाय पद्धतीचा मांडव. आम्ही पिढीजात थॉमसन, तास-ए-गणेश असल्या खायच्या द्राक्षांवाले. आमचं सगळं शिक्षण मणी फुगवायचं. मणी वाढवायला जीए (जिबरेलिक आम्ल) मारायचं, विरळणी करायची, एकरी दहा-बारा टन काढायचे. आणि हा वाइनरीचा पोरगा येऊन सांगतोय की मणी बारीक पायजे, साल जाड पायजे, एकरी चार टनाच्या वर घेऊ नका, पाणी तोडा. माझा बाप म्हणाला हा पोरगा येडा हाय का आपण.

तर माझं रान कसं हाय, वरचं टोक मुरमाड, हातभर खाली कुदळ वाजती. खालचं टोक ओढ्याकडं, भारी काळी. ऑक्टोबरची फळछाटणी एकाच दिवशी, औषधं तीच, ड्रिप तेच. फेब्रुवारीत वरच्या टोकाचे घड मुठीएवढे, मणी हरभऱ्यापेक्षा जरा मोठे, सालीला असा तुरटपणा की गाल आत ओढले जायचे, आणि साखर २४ ब्रिक्स. खाली ओढ्याकडं मणी फुगलेले, रंग फिका, ब्रिक्स २० वर अडलेलं आणि वर भुरी. एकाच बागेत दोनशे फुटांवर! कुठलं फ्रान्स अन् कुठलं काय.

मी वाइनरीला म्हटलं वरचा माल येगळा तोडतो, येगळा घ्या. ते म्हणाले टाकी एकच शिल्लक हाय. सगळं एकत्र ओतलं. जमिनीला बोलायचं असलं तरी टाकी दोन पायजेत की राव.

पुढं २००९ ला बाजार बसला, माल उचलंना, पैसे दीड वर्षं अडकले, आणि मी कुऱ्हाड लावली. आता तिथं सोनाका जातीची द्राक्षं हायत, बेदाण्याला. फक्त वरच्या टोकाला बांधाकडंची शिराजची एक ओळ ठेवलीय. पोरं खातात आणि बिया लागतात म्हणून थुंकतात.

उत्तरेश्वरचा उंडगा

त्या एका ओळीसाठी आपल्याकडनं तुमास्नी मानाचा मुजरा.

टाकीवाला गडहिंग्लजकर

मी नाशिकला एका वाइनरीत सेलरमध्ये आहे, नऊ हंगाम झाले. मूळ गुऱ्हाळवाल्यांच्या प्रश्नावर येतो, माणूस काय करतो.

पहिली गोष्ट तोडणीची तारीख. तुमचं अर्धं तत्त्वज्ञान तिथंच कळतं. युरोपात द्राक्षं पिकतात तेव्हा उन्हाळा उतरणीला लागलेला असतो, दिवसेंदिवस गार होत जातं. आपलं बरोब्बर उलटं. जानेवारीत गार, आणि जसा मणी पिकतो तसा फेब्रुवारी-मार्चचा उन्हाळा चढतो. उष्ण रात्रींनी मॅलिक आम्ल जळून जातं. साखर वर पळते आणि आंबटपणा खाली पडतो. त्यामुळं इथं चार दिवस थांबलं की वाइन ढिली. थांबलं नाही तर बिया हिरव्या आणि कडू. आम्ही रात्री तोडतो, डोक्याला बॅटऱ्या बांधून, पहाटे क्रेट आत येतात ते हाताला गार लागले पाहिजेत. मी रोज बी चावून बघतो. तपकिरी झाली आणि शेंगदाण्यासारखी कडक फुटली की साहेबांना फोन.

मग आत आल्यावर. यीस्ट पाकिटातलं घालायचं का सालीवर आलेल्या रानयीस्टवर सोडायचं. टाकी किती अंशांवर ठेवायची, पांढरी पंधराच्या आसपास, लाल पंचवीस-अठ्ठावीस. साली किती दिवस रसात ठेवायच्या, दिवसातनं किती वेळा दाबायच्या. ओकचं पिंप नवं का जुनं. नव्या पिंपाचा व्हॅनिला आणि धूर असा बसतो की कुठल्याही गावची वाइन एकाच गावची वाटायला लागते, आणि दहा वर्षांमागं लोकांना तेच लागायचं. "आम्ही काही करत नाही" म्हणणारे खरं म्हणजे हे म्हणत असतात की आम्ही नवं पिंप, सुगंधी यीस्ट असलं काही वर चोपडत नाही. पण न करायलाही डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. रानयीस्टवर सोडलेली टाकी एका रात्रीत सिरक्याच्या (व्हिनेगरच्या) वाटेला लागलेली मी बघितलीय. तीन हजार लिटर. त्या पहाटे कुणीही जमीन बोलतेय असं म्हणालं नाही.

आणि उलट बाजूचाही एक किस्सा सांगतो. ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड्स ह्या वाइन कंपनीचा माक्स शूबर्ट बोर्दो बघून आला आणि १९५१ पासून ग्रेंज नावाची वाइन करायला लागला. एका बागेची नाही, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वेगवेगळ्या भागांतली शिराज निवडून एकत्र. लोकांनी नावं ठेवली, १९५७ ला कंपनीनं बंद करायला सांगितलं, तर गड्यानं गुपचूप चालू ठेवली, पुढं तीच त्या देशाची सगळ्यात नावाजलेली वाइन झाली. तिच्यात एक गाव नाहीच, एक नजर आहे. शॅम्पेनवालेही अनेक गावांची, अनेक वर्षांची वाइन मिसळून घराण्याची चव राखतात. म्हणजे एक रस्ता गावरान कोंबडीचा आणि एक कांदा-लसूण मसाल्याचा. दोन्ही रस्ते खरे. मला स्वतःला पहिला आवडतो, पण दुसऱ्याला भेसळ म्हणणारे लोक डोक्यात जातात.

उत्तरेश्वरचा उंडगा

भेसळीचा इषय निघालाच हाय तर. मी वाचलंय की ह्या बर्गंडीवाल्यांना कायद्यानं रसात साखर घालायला परवानगी हाय. पोत्यातली साखर! तिथं घातली की टेरुआर आणि आमच्या काहिलीत घातली की धाड पडतीय? हे कसलं लॉजिक?

टाकीवाला गडहिंग्लजकर

हाहा, बरोबर पकडलंस. त्याला शाप्तालीकरण म्हणतात, नेपोलियनचा मंत्री शाप्ताल ह्याच्या नावावरनं. पण फरक आहे. ती साखर आंबताना घालतात, यीस्ट ती खाऊन टाकतं, वाइन गोड होत नाही, अल्कोहोल थोडं वाढतं. थंड वर्षी माल नीट पिकला नाही तर, आणि मर्यादेतच. आता हवा तापल्यामुळं त्यांना गरजही कमी पडायला लागलीय. आम्हाला इथं साखर कधीच लागत नाही, आम्ही टार्टारिक आम्ल घालतो. म्हणजे त्यांचं ऊन कमी पडतं ते साखरेनं भरतात, आमचं ऊन जास्त होतं ते आम्लानं. गुळात मात्र साखर घालून ती साखरच राहते आणि गुळाच्या भावानं विकली जाते. ती फसवणूकच.

रंकाळा ते दिजाँ

मला तरी साखर खटकतेच. जमिनीचं नाव लावायचं तर वाईट वर्षाचं वाईटपण पण बाटलीत यायला पायजे. इथले काही जुने लोक तसं मानतात.

आणि एक गंमत. फ्रान्समधल्याच लुआर नदीच्या खोऱ्यात निकोला जोली म्हणून एक जण हाय, कुले द सेराँ नावाची सात हेक्टरची बाग. तो बायोडायनॅमिकवाला. गाईच्या शिंगात शेण भरून थंडीभर जमिनीत पुरायचं आणि वसंतात काढून पाण्यात ढवळून शिंपडायचं. ह्या पद्धतीचा जनक रुडॉल्फ श्टायनर, त्याच्या १९२४ च्या व्याख्यानांतनं आलेलं. मी घरी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढं शिकून तिकडं गेलीस ते शेण बघायला?

दगड चाटून बघा

शिंगाला पुरावा नाही. पण जो माणूस वर्षभर शिंगं पुरत आणि काढत बागेत फिरतो, तो इतरांपेक्षा झाडं जास्त वेळा बघतो, हेही खरं.

मिरजपूर्व बागायत

सर, आमच्याकडं म्हणतात शेताला मालकाचा पाय खत. तेच की हे.

गुऱ्हाळावरचा

एवढं वाचून गप बसवंना. आपल्याला ग्राँ क्रू परवडत नाही पण गूळ घरचा हाय. तर ठरवलंय. ह्या रविवारी चार गूळ गोळा करतो. एक चिखलीकडचा, नदीकाठचा. एक कागलकडच्या माळाचा. एक शिरोळचा, थोड्या खारपड रानातला. चौथा आमचा. उसाची जात सगळीकडं को ९२००५च, म्हंजे वाणाचा घोळ नको. सेंद्रिय-बिंद्रिय भानगड नाही. चार वाट्या, खाली चिठ्ठ्या, आणि बाबांना काहीच सांगायचं नाही.

उत्तरेश्वरचा उंडगा

पाचव्या वाटीत चितळ्यांचा श्रीखंड ठेव, नेमकं तेवढंच ओळखतील.

गुऱ्हाळावरचा

झालं मंडळी. आत्ताच उठलो त्यातनं.

बाबा अंघोळ करून खुर्चीत बसले, आईनं आधी कोमट पाण्यानं चूळ भरायला लावली. पहिली वाटी तोंडात, अर्धा मिनिट, "शिरोळ बाजू." चिठ्ठी बघितली, बरोबर. मला वाटलं खारट लागला असणार, पण मला काय खारटपणा कळला नाही, ते म्हणाले खारट नाही, मागनं जीभ जड होतीय. दुसरी वाटी, "माळाचा हाय, पाणी कमी बसलेलं, रवाळ हाय बघ," बरोबर. तिसरी वाटी, लगेच, "नदी." बरोबर. आई म्हणाली आता ह्यांच्या डोक्यावर बसतील.

चौथी वाटी आपली. बाबांनी टवका ठेवला. विरघळू दिला. परत एक घेतला. खिडकीकडं बघत बसले. मग म्हणाले, "हा कुठला आणलास? आपल्या भागातला नव्हे."

मी चिठ्ठी दाखवली. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. रान तेच, ऊस तोच, काहील तीच, रस साफ करायचं भेंडीचं पाणी तेच. मग आईनंच आठवण करून दिली की आमचा गुळव्या, तीस वर्षं आमच्याकडं होता, तो दिवाळीपासनं गुडघ्यामुळं येत नाही आणि यंदा नवा पोरगा लावलाय. जुना माणूस पाण्यात गोळी टाकून ती काठावर आपटून आवाज ऐकायचा आणि काहील उतरवायचा. हा पोरगा थर्मामीटर बघतो, ११८ झालं की उतरवतो. गूळ वाईट नाही, भावपण चांगला मिळालाय. पण बाबांनी तो ओळखला नाही.

बाबा आत्ता चप्पल घालून त्या जुन्या गुळव्याच्या घराकडं गेलेत, चौथी वाटी झाकून बरोबर घेऊन.

मिरजवाले, फेब्रुवारीत तुमच्या त्या बांधाच्या ओळीचे दोन घड ठेवा, मी आणि गडहिंग्लजकर येतोय. ओढ्याकडचं काय शिल्लक असलं तर त्याचे पण दोन.